तिकीट फाटतं कोणाच्या नावावर?

माझं फुलसावंगीत ऑनलाईन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, पॅनकार्ड, लाइट बिल, रेल्वेचं रिझर्व्हेशन हे रोजचं काम. पण नागपूरजवळ जामठ्याला भारताची मॅच लागली, की हातात चांगला मोबाइल असलेली पोरंही माझ्याच दुकानात येऊन बसतात. विक्री सुरू होते नेमकी त्या वेळी गावातलं नेटवर्क मान टाकतं, आणि माझ्याकडे ब्रॉडबँड आहे. ‘भाऊ, चार तिकिटं काढून द्या, कोणत्याबी स्टँडची चालते.’ आणि लगेच दुसरा प्रश्न : ‘विराट खेळून राह्यला ना?’

भारत जिंकेल का, असं मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. समोरचा संघ कितव्या नंबरावर आहे, मागच्या मालिकेत काय झालं, हेही नाही. विचारतात ते नाव. मग संघ चांगला खेळतो की वाईट, याचा तिकिटाशी काही संबंध असतो की नसतो? मोठा खेळाडू विकत घेतला तर त्याचे पैसे गेटवर वसूल होतात का? काउंटरच्या अलीकडे बसून हा प्रश्न मला पडत गेला आणि खेळाच्या बातम्यांत मी स्कोअरच्या आधी गर्दीचा आकडा शोधू लागलो.

तिकीट स्वस्त, मॅच महाग

फुलसावंगी महागाव तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण बाजूला. माहूरची देवी आम्हाला जवळ, नागपूर लांब. महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा असं करत गेलं की वर्धा रोडवर शहराच्या अलीकडेच जामठ्याचं स्टेडियम लागतं. गंमत अशी की मैदान आधी लागतं आणि तिकीट पुढे मिळतं. ऑनलाईन पैसे भरले तरी तिकिटाचा कागद नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावरून घ्यावा लागतो. त्यामुळे ज्याचा भाचा नाहीतर पुतण्या नागपुरात शिकायला आहे, त्याचा भाव मॅचच्या आठवड्यात वाढतो.

आता खर्च बघा. दहा पोरं मिळून क्रूझर करतात. गाडीभाडं, टोल, जाताना नाश्ता, येताना ढाब्यावरचं जेवण. पहाटे घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशीचं काम बुडतं ते वेगळं. फेब्रुवारीत मॅच असेल तर हरभरा सोंगणीला आलेला असतो आणि कापसाची शेवटची वेचणी चालू असते. हे सगळं धरलं, तर साध्या स्टँडचं तिकीट हा त्या दिवसाच्या खर्चातला छोटा भाग ठरतो. नागपूरच्या माणसाचं तसं नाही. तो संध्याकाळी स्कूटर काढून जातो, त्याच्यासाठी तिकीट हाच काय तो खर्च. तो बरी मॅच दिसली तरी जाईल. आमच्याकडचा माणूस वर्षातून एखादीच मॅच बघणार, म्हणून तो खात्रीचं काहीतरी मागतो. खात्री निकालाची कोणीच देऊ शकत नाही. नावाची देता येते, असं त्याला वाटतं.

पण ती खात्रीही कच्चीच असते. ६ फेब्रुवारी २०२५ ला जामठ्याला इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामना होता. तिकिटं काढताना कोहली संघात होता. मॅचच्या दिवशी त्याचा गुडघा सुजला आणि तो बाहेर बसला. रोहित शर्मा दोन धावांवर परतला. भारत चार गडी राखून जिंकला, शुभमन गिलनं ८७ केल्या, श्रेयस अय्यर आणि अक्षर पटेलनं अर्धशतकं मारली. परत आलेल्या पोरांना मी विचारलं, कशी झाली मॅच? एक म्हणाला, ‘जिंकलो ना भाऊ, पण विराट काही पाह्यलाच नाही.’ तीन दिवसांनी कटकला रोहितनं ११९ ठोकल्या, तेव्हा तोच पोरगा दुकानात बसून स्क्रीनकडे बघत होता आणि तोंडानं काय म्हणत होता ते इथं छापता येणार नाही.

कसोटीचं दुखणं आणखी वेगळं. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथंच ऑस्ट्रेलियाचा एक डाव आणि १३२ धावांनी फडशा पडला. रोहितचं शतक, जाडेजा आणि अश्विनचे पाच-पाच बळी. कामगिरी म्हणाल तर याहून सरस काय असणार? पण सामना तिसऱ्याच दिवशी आटोपला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जाऊ म्हणणारे घरी राहिले. संघ फार चांगला खेळला तर गेटचं नुकसानही होतं, हे कसोटी क्रिकेटमध्येच बघायला मिळतं.

तीनदा रणजी, तरी खुर्च्या मोकळ्या

नुसतं जिंकल्यानं गर्दी होते असं ज्याला वाटतं, त्यानं आपल्या विदर्भाकडे बघावं. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक. पुढच्याच हंगामात जामठ्यात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. आदित्य सरवटेनं त्या सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करता आली. मग मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक. दानिश मालेवारच्या १५३ धावा आणि हर्ष दुबेचे हंगामात ६९ बळी. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्याआधी कोणी घेतले नव्हते.

सात-आठ वर्षांत तीन विजेतेपदं. मुंबई आणि कर्नाटकाच्या जोडीनं नाव घ्यावं असा संघ. आणि हा खेळ बघायला तिकीटही लागत नाही. तरीही सुमारे पंचेचाळीस हजारांचं जामठा रणजीला भरत नाही. २०२५ च्या फायनलचा शेवटचा दिवस तर रविवार होता. त्याच दिवशी दुबईत भारत-न्यूझीलंड चॅम्पियन्स करंडकाचा सामना होता. आमच्या गावात सगळे टीव्ही दुबईवर लागले होते.

विदर्भानं बाहेरून खेळाडू आणले नाहीत असंही नाही. रणजीत प्रत्येक संघ बाहेरच्या राज्यातले मोजके खेळाडू ‘प्रोफेशनल’ म्हणून घेऊ शकतो. विदर्भानं मुंबईचा वसीम जाफर घेतला, नंतर कर्नाटकाचा करुण नायर घेतला. दोघांनीही पैसा वसूल करून दिला. जाफरनं २०१८-१९ मध्ये हजाराच्या वर धावा काढल्या. करुणनं केरळविरुद्ध फायनलमध्ये ८६ आणि १३५ केल्या आणि त्या हंगामाच्या जोरावर भारताच्या कसोटी संघात परत गेला. करंडक आला, माणसं आली नाहीत.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. ३० जानेवारी २०२५. दिल्ली विरुद्ध रेल्वे, तोच रणजी करंडक, तसाच फुकट प्रवेश. पण विराट कोहली बारा वर्षांहून जास्त काळानं रणजी खेळत होता. पहाटेपासून रांगा लागल्या, जास्तीचे स्टँड उघडावे लागले, गेटवर चेंगराचेंगरी होऊन काही जण जखमी झाले. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या हिमांशू सांगवाननं सहा धावांवर कोहलीचा त्रिफळा उडवला. थोड्याच वेळात लोक उठून बाहेर पडू लागले. दिल्ली तो सामना डावानं जिंकली, पण ते बघायला थांबणारे थोडेच.

या दोन गोष्टींतून मला जे कळलं ते असं : जिंकून देणारा खेळाडू आणि गर्दी आणणारा खेळाडू ही दोन वेगळी माणसं असू शकतात. जो संघ दोघांत गल्लत करतो, तो खेळाडू घेताना हात पोळून घेतो.

अमेरिकेतला जुना हिशोब

या गणिताचा सर्वांत जुना आणि स्वच्छ हिशोब अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये सापडतो. तिथं प्रत्येक सामन्याची प्रेक्षकसंख्या शंभर वर्षांपासून नोंदली जाते. बेसबॉलचे नियम कळले नाहीत तरी चालेल. चेंडू मैदानाबाहेर फटकावला की त्याला ‘होम रन’ म्हणतात, इतकं पुरे.

१९१९ च्या डिसेंबरात बोस्टन रेड सॉक्स संघानं बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्क यँकीज संघाला विकला. रोख किंमत एक लाख डॉलर, त्या काळी डोळे पांढरे करणारी. यँकीजकडे तेव्हा स्वतःचं मैदानही नव्हतं, दुसऱ्या संघाच्या मैदानात ते भाडेकरू होते. १९१९ मध्ये त्यांचे घरचे सामने ६ लाख १९ हजार लोकांनी पाहिले होते. १९२० मध्ये रूथनं ५४ होम रन मारले आणि तो आकडा १२ लाख ८९ हजारांवर गेला, दुपटीहून जास्त. अमेरिकेत एका हंगामात दहा लाखांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला संघ.

यातली खरी गोम पुढे आहे. १९२० मध्ये यँकीज तिसऱ्या क्रमांकावर राहिले. आपल्या गटाचं पहिलं विजेतेपद त्यांना १९२१ मध्ये मिळालं. म्हणजे गर्दी आधी आली, यश मागून आलं. त्या काळी रेडिओवर सामने ऐकू येत नव्हते, टीव्हीचा तर प्रश्नच नव्हता. संघाची जवळपास सगळी कमाई गेटवरची. त्या गेटच्या जोरावर यँकीजनी १९२३ मध्ये स्वतःचं स्टेडियम बांधलं. लोक त्याला ‘रूथनं बांधलेलं घर’ म्हणत.

शंभर वर्षांनी लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघानं तोच डाव टाकला. डिसेंबर २०२३ मध्ये जपानच्या शोहेई ओहतानीशी त्यांनी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. रूथशी त्याची तुलना आधीपासूनच होत होती, कारण दोघेही चेंडू टाकणारे आणि फटकेबाजही. पहिल्याच हंगामात ओहतानीनं रूथएवढेच ५४ होम रन मारले. पण गर्दी काही दुप्पट झाली नाही, होणं शक्यच नव्हतं. डॉजर्सचे सामने २०२३ मध्येच ३८ लाखांवर लोक बघत होते; २०२४ मध्ये ३९ लाख ४१ हजार झाले, २०२५ मध्ये पहिल्यांदा ४० लाखांच्या वर गेले. मधल्या काळात संघानं लागोपाठ दोनदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथलं सर्वोच्च विजेतेपदही जिंकलं.

मैदान आधीच भरत असेल तर नवा खेळाडू आणखी माणसं कुठून आणणार? खुर्च्या तेवढ्याच. तिथं त्याचा परिणाम तिकिटाच्या दरावर होतो, जाहिरातींवर होतो, ओहतानीच्या बाबतीत जपानहून विमानानं येणाऱ्या पाहुण्यांवर आणि जपानी कंपन्यांच्या फलकांवर झाला. रिकामं मैदान असलेल्या संघाला स्टार खेळाडू माणसं मिळवून देतो, भरलेल्या मैदानाच्या संघाला तो भाव मिळवून देतो.

बेसबॉलवाल्यांचा आणखी एक अनुभव आपल्याकडे लागू पडतो. नाव लगेच विकलं जातं. करार जाहीर झाला त्या रात्री फोन वाजायला लागतात. विजयाचं तसं नसतं. या वर्षी संघ चांगला खेळला, तर त्याचं खरं पीक पुढच्या वर्षी हाती येतं, कारण तिथं पूर्ण हंगामाची तिकिटं हिवाळ्यातच विकली जातात. माणूस पैसे भरतो तो गेल्या वर्षीच्या आठवणीवर.

पुण्याला दोनदा बसलेला धक्का

आयपीएल सुरू करणाऱ्यांना हे सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. २००८ मध्ये काही शहरांना त्यांचा घरचा हिरो लिलावाशिवाय देण्यात आला. मुंबईला सचिन, बंगळुरूला द्रविड, कोलकात्याला गांगुली, दिल्लीला सेहवाग, पंजाबला युवराज. यांना ‘आयकॉन’ म्हणत, आणि संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा पंधरा टक्के जास्त पैसे त्यांना मिळत. सचिन मुंबईविरुद्ध खेळतोय हे चित्रच वानखेडेवर तिकीट खपू देणार नाही, हे त्यामागचं साधं शहाणपण. धोनीच्या रांचीला संघ नव्हता. म्हणून तो लिलावात आला, पंधरा लाख डॉलरला चेन्नईला गेला आणि तिथलाच होऊन बसला.

महाराष्ट्रात याची उलटी बाजू पुण्यानं पाहिली. २०११ मध्ये आलेल्या पुणे वॉरियर्सनं सौरव गांगुलीला घेतलं. ५ मे २०१२ ला पुण्याचा संघ कोलकात्यात ईडन गार्डन्सवर उतरला, तेव्हा घरचं मैदान घरच्या संघामागे आहे की ‘दादा’ गांगुलीमागे, हे त्या दिवशी कोलकात्यालाही ठरवता येईना. पण ती गर्दी कोलकात्याची. पुण्याचा संघ पहिल्या वर्षी शेवटून दुसरा, दुसऱ्या वर्षी शेवटचा, तिसऱ्या वर्षी पुन्हा शेवटून दुसरा. २०१३ मध्ये मालकांनी गाशा गुंडाळला.

मग २०१६-१७ ची दोन वर्षं रायझिंग पुणे आलं. चेन्नईवर बंदी असल्यानं धोनीच पुण्याला मिळाला. पहिल्या वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली संघ आठांत सातवा. दुसऱ्या वर्षी स्टीव्ह स्मिथ कर्णधार, साडेचौदा कोटींचा बेन स्टोक्स, आणि थेट फायनल; मुंबईविरुद्ध एका धावेनं हार. नावही होतं, यशही होतं. पण संघ दोनच वर्षांचा, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. जो संघ परवा असणार नाही, त्याचा झेंडा घरावर कोण लावणार?

पुढच्याच वर्षी काय झालं ते बघा. एप्रिल २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला, गहुंज्याला हलवावे लागले. तेव्हा चेन्नईच्या मालकांनी एक खास रेल्वेगाडी करून हजाराच्या आसपास चाहते पुण्याला आणले. मैदान पुण्याचं, धोनी तोच, पण आता तो आपल्या घरच्या पिवळ्या शर्टात होता, आणि त्या शर्टासाठी माणसं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली. नाव, निकाल आणि ‘आपला’ असल्याची भावना, या तिन्हीत तिसरी गोष्ट पैसे टाकून लिलावात मिळत नाही.

हरणाऱ्याचं गेट

आपला म्हटल्यावर माणूस रागावायलाही पैसे मोजतो. मुंबई इंडियन्सनं २०२३ च्या शेवटी गुजरातकडून हार्दिक पंड्याला परत घेतलं आणि रोहितचं कर्णधारपद त्याला दिलं. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीला हार्दिक आला तेव्हा इतकी हुर्यो झाली, की संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. त्या हंगामात मुंबई दहांत दहावी आली. पण हुर्यो उडवायला लोक तिकीट काढूनच आले होते. मालकाला धास्ती असावी ती ओरडणाऱ्या प्रेक्षकाची नव्हे, घरी बसणाऱ्याची.

घरी बसणं कसं असतं ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडनं दाखवलं. तिथल्या अॅथलेटिक्स या बेसबॉल संघाच्या मालकानं २०२२ मध्ये चांगले खेळाडू एकेक करून विकून टाकले आणि संघ दुसऱ्या शहरात न्यायची भाषाही तो करत होता. २०२३ मध्ये संघ ११२ सामने हरला. वर्षभरात प्रेक्षक आले ८ लाख ३२ हजार, सगळ्या लीगमध्ये सर्वांत कमी. पण १३ जून २०२३ ला चाहत्यांनी ठरवून मैदान गाठलं. त्या एका रात्री २७,७५९ माणसं आली, अंगात हिरवे शर्ट, त्यावर मालकाला उद्देशून एकच शब्द : ‘विका’. संघावरचा जीव गेलेला नव्हता, मालकावरचा विश्वास गेला होता. २०२४ नंतर तो संघ ओकलंड सोडून गेला.

आता कोणी म्हणेल, गेटची चिंता आयपीएलला कशाला? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्कच ४८,३९० कोटींना गेलेत. खरं आहे. टीव्ही आणि मोबाइलच्या पैशापुढे तिकिटाचे पैसे किरकोळ वाटतात. पण मोकळ्या खुर्च्या स्क्रीनवरही दिसतात आणि जाहिरातदाराला त्या आवडत नाहीत. प्रेक्षकाच्या बाजूनं बघितलं तर तिकीट महागतच चाललंय. सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. मुंबईला जाऊन आयपीएल बघायचं म्हणणारी आमच्याकडची पोरं तेव्हापासून आधी आकडेमोड करतात, मग गप्प बसतात.

जोड लावणारी माणसं

गर्दी कशी जमवायची, ही अक्कल आपण क्रिकेटकडून शिकलो असं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं, तेव्हापासून कुस्तीचं मैदान भरवणारे आयोजक एकच गोष्ट डोकं लावून करत आलेत : जोड लावणं. पैलवान कितीही मोठा असो, समोर कोण आहे यावर गर्दी ठरते. १९७६ मध्ये खासबागेत दिल्लीचा सतपाल आणि कोल्हापूरचा युवराज पाटील यांची कुस्ती लागली, ती बघायला माणूस मावेना. युवराजनं ती मारली. दुसऱ्या वर्षी बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपालला चीत केलं. त्या दोन कुस्त्यांबद्दल जुनी माणसं आजही तासन्‌तास बोलतात. एकतर्फी कुस्तीला पोस्टरवर मोठं नाव असूनही लोक उठून जातात. निकाल माहीत नसणं, हेसुद्धा विकलं जातं.

आमच्या मैदानावरचं गेट

आमच्या गावाकडे हिवाळ्यात टेनिस बॉलचे सामने होतात. प्रेक्षकाला तिकीट नाही. कमिटीचं उत्पन्न म्हणजे संघांची प्रवेश फी, बॅनरवाल्या दात्यांची देणगी आणि कडेला लागणाऱ्या ठेल्यांचं भाडं. या कमिटीचा हिशोब माझ्याकडे असतो, कारण दुकानात प्रिंटर आहे. तिकीट नसलं तरी तिकिटाचा बाजार इथंही असतो, तो ठेलेवाल्यांच्या तोंडून कळतो.

सेमीफायनलच्या आदल्या दिवशी पानठेलेवाला येतो. त्याला अंपायर कोण, बक्षीस किती, याच्याशी घेणंदेणं नाही. तो विचारतो, ‘फायनलले आपली टीम राह्यली का? अन् पुसदचा तो डावखुरा येऊन राह्यला का?’ दोन्हीचं उत्तर हो असेल तर तो सांगितलेलं भाडं मुकाट्यानं देतो आणि घरी जाऊन खर्ऱ्याची सुपारी जास्त कातरतो. दोन्हीचं नाही असेल तर घासाघीस सुरू होते. आलुबोंडेवाला तर बेसन किती भिजवायचं हेच त्यावर ठरवतो. मोठमोठे संघ प्रेक्षकसंख्येचा अंदाज काढायला तज्ज्ञ नेमतात; आमच्याकडे तो अंदाज बेसनाच्या घमेल्यात दिसतो.

बाहेरचा प्लेअर आणायची पद्धतही इथं रुजलीय. एका मॅचचे पैसे, पेट्रोल आणि जेवण. पहिल्या मॅचला त्याच्यासाठी झाडावर पोरं चढतात. पण संघात गावची तीनच पोरं आणि बाकी सगळे भाड्याचे असले, की तिसऱ्या मॅचला मैदानाच्या कडेची गर्दी पातळ होते. म्हातारी माणसं पहिल्यांदा उठतात. त्यांना सिक्सचं कौतुक असतंच, पण कोणाच्या पोरानं मारली हे त्यांना आधी कळायला हवं असतं. आमच्या कमिटीनं आता बाहेरच्या खेळाडूंना मर्यादा घातलीय : संघात दोन, त्याच्यावर नाही. वाद झाले, एकदोन संघ रुसले, पण फायनलला ठेल्यांची रांग लांबली.

माझा निष्कर्ष साधा आहे. मोठं नाव पहिलं तिकीट विकतं, तेही लगेच. विजय तिकीट विकतो, पण उशिरा, आणि लोकांना त्या विजयाची खबर असेल तरच. वर्षानुवर्षं गेट भरतं ते आपल्या माणसांवर. नाव घेणं सगळ्यात सोपं, म्हणून सगळे तिथंच पैसा ओततात. विदर्भानं अवघड काम केलंय : आपल्या मातीतली पोरं घडवून तीनदा देश जिंकलाय. आता बाकीचं काम आपलं. पुढच्या हंगामात जामठ्याला विदर्भाचा रणजी सामना लागला की तारीख बघा, वर्ध्याकडून येणारी बस पकडा आणि एक दिवस जाऊन बसा. तिकीट लागत नाही.